जमादाराची शिंक

१

सोमवारी सकाळी जमादार शिंकला आणि आमच्या घरात चहा कपातच गार झाला.

जमादार म्हणजे आमचा कोंबडा. पांढरंशुभ्र अंग, लालभडक तुरा, आणि चाल अशी की समोरच्यानं आपणहून बाजूला व्हावं. खरं तर 'आमचा' म्हणायचा मला काही हक्क नाही. कोंबड्या माझ्या सुनेच्या. मी आपली सुनेची सासू.

तुम्ही म्हणाल, कोंबडा शिंकला तर शिंकला, त्यात एवढं काय? दुसऱ्या कुणाच्या परसात शिंकला असता तर मीही तेच म्हटलं असतं. पण माझ्या सुनेचं खुराडं हे बंद खुराडं आहे. नुसती कडी लावलेलं नव्हे, कडी सगळेच लावतात. आमच्याकडे बाहेरचा एकही पक्षी आत येत नाही. पिल्लं हवीत तर आपल्याच अंड्यांतून, आपल्याच खुडूक कोंबडीखाली. वर बारीक जाळी, चिमणीलासुद्धा मज्जाव. आत जायचं तर आपल्या चपला दाराशी सोडायच्या, खुराड्याच्या वेगळ्या चपला घालायच्या, औषधाच्या पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवायचे, आणि मगच पाऊल टाकायचं. शिवाय आतला पक्षी एकदा बाहेर गेला की तो बाहेरचाच झाला. मागे एक कोंबडी दारातून निसटली आणि भिंतीवरून शेजारच्या परसात उतरली. शेजारणीनं ती लगेच आणून दिली, तर सुनेनं हात जोडले. म्हणाली, "काकू, आता ही तुमची." चांगली अंड्यावर आलेली कोंबडी. आमच्या ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला होता.

सून माझी दवाखान्यात नर्स आहे, ऑपरेशनच्या खोलीत. मुलगा जहाजावर असतो, घरी पाहुण्यासारखा येतो. तेव्हा घर चालवायचं ते तिनं. लोक तिला हसायचे. "कोंबड्यांना टाके घालते का हो तुमची सून?" असं मला भर रस्त्यात विचारायचे. सुरुवातीला मीही हसले. मग साथ आली. आमच्या गल्लीतली खुराडी एकामागून एक ओस पडली आणि आमचं तेवढं भरलेलं राहिलं. तेव्हापासून सुनेला कुणी नावं ठेवली की मी हातचं काम टाकून भांडायला जाते.

साथ ओसरली. रिकामी खुराडी धुऊनपुसून झाली. मग जनावरांच्या डॉक्टरांनी ठरवलं की गल्लीत पुन्हा कोंबड्या येतील त्या आमच्याच अंड्यांतून. अंडी याच आठवड्यात जायची होती. सगळी गल्ली आमच्या दाराकडे डोळे लावून बसलेली, आणि नेमका त्या अंड्यांचा बाप शिंकत होता.

"आई, काल आत कोण गेलं होतं?" सुनेनं विचारलं. रविवारी तिची दिवसभर ड्यूटी होती आणि खुराड्याची किल्ली माझ्या ताब्यात होती.

"कुणी नाही गं. दाणा मी बाहेरूनच नळीतून सोडला. अंडी खिडकीतून काढली."

"जमादार दिसला तुम्हाला?"

"दिसणार कसा? उन्हाला गोणपाट सोडलंय ना त्याच्या बाजूला. पण आरवला की. चांगला दोनदा आरवला. जरा घसा बसल्यासारखा वाटला एवढंच."

सुनेचा चेहरा उतरला. माझा हात धरून तिनं मला खुराड्याच्या दाराशी नेलं आणि घमेल्याकडे बोट दाखवलं. शनिवारी रात्री तिनं स्वतः घासून त्यात नवं पाणी भरलं होतं. मी तर दाराजवळ फिरकलेही नव्हते. तरी पाणी गढूळ होतं आणि त्यावर गवताच्या काड्या तरंगत होत्या.

माझ्या पहाऱ्यात कुणीतरी आत जाऊन आलं होतं.

२

मी नोकरी केली ती बसमध्ये तिकिटं तपासण्याची. त्या नोकरीत एक गोष्ट कळते. ज्याच्याकडे तिकीट नाही तो खिसे चाचपत बसतो, आणि ज्यानं दुसऱ्याचं तिकीट ढापलंय तो खिडकीबाहेर बघतो. मी सुनेला म्हटलं, "तू डॉक्टरांना बोलव आणि जमादाराला वेगळं काढ. माणसं मी बघते."

पहिली गाठली बदकवाली. ही आमची भिंतीपलीकडची शेजारीण, निसटलेली कोंबडी हिलाच मिळाली होती. साथीत ती कोंबडीही गेली आणि हिची बाकीचीही गेली. राहिली ती बदकं. सुनेनं तिला आमच्या परसात कधी पाय ठेवू दिला नाही, त्याचा तिला राग होता. आणि अंड्यांच्या रांगेतही पहिला नंबर तिचाच होता.

"वहिनी, तोंड सांभाळून बोला," ती दारातच म्हणाली. "मी आत जाईन? तुमची सून मला फाटकातून नमस्कार करते, मी काय पटकी आहे? आणि गेलेच असते तर माझीच अंडी बुडवायला? खुराडं धुऊन वाट बघतेय मी. रोज ती रिकामी जागा झाडून काढते."

हे खरं होतं. ती बोलताना माझ्याकडेच बघत होती, खिडकीकडे नाही.

"आणि विचारायचंच तर मी विचारते," ती पुढं म्हणाली. "काल सकाळी सकाळी तुमच्या मोरीतून साबणाचं पाणी माझ्या बदकांच्या डबक्यात कुणी सोडलं? एरवी नियम शिकवता तुम्ही जगाला."

रविवारी सकाळी मी कपडे धुतले नव्हते. मी ते मनात नोंदवलं आणि निघाले.

दुसरा अंडेवाला. कोपऱ्यावर त्याचं दुकान. आमची जास्तीची अंडी तोच नेतो, आणि जमादारावर त्याचा केव्हापासून डोळा. "मावशी, एवढा कोंबडा द्या, मागाल ते देतो," असं त्याचं पालुपद.

"मावशी, मी घुसलो असतो तर कोंबडा घेऊन गेलो असतो," तो ट्रे पुसत म्हणाला. "शिंकायला लावून जागच्या जागी ठेवून येऊ? मला काय येड लागलंय?"

"मग पाय बुडवून आत कोण गेलं असेल?"

"पाय कशात बुडवून?"

त्याला घमेल्याचं माहीतच नव्हतं. सून त्याला फाटकाच्या आत घेतच नाही, त्याचा ट्रेसुद्धा बाहेरच ठेवायला लावते. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. घमेल्यातलं पाणी गढूळ होतं म्हणजे घुसलेल्यानं पाय बुडवले होते. खुराड्याच्या चपलाही ओल्या होत्या, आणि सून ठेवते तशाच, तळवे वर करून भिंतीला टेकवलेल्या. चोर कधी चपला बदलून चोरी करतो का? जो गेला तो सगळे नियम पाळून गेला होता.

असे नियम माहीत असलेली माणसं किती? सून, मी, आमचे हे, आणि डॉक्टर, ज्यांच्याशी बसून सुनेनं हे नियम केले.

आमचे हे पुढच्या खोलीत मशीनवर बसले होते. शिंपी आहेत ते. रविवारभर घरी नव्हते, शेजारच्या गावी कुणाचा कोट द्यायला गेले होते, मोठी कापड झाकलेली टोपली घेऊन.

"काल कोट कसा बसला?" मी सहज विचारलं.

"एक नंबर," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की माणसाला नातू झाल्यावरसुद्धा एवढा खुलत नाही. मग त्यांनी मान खाली घालून मशीन जोरात चालवलं. मी म्हटलं, असेल, चांगलं काम झालं की शिंप्याला आनंद होतोच. तेवढ्यात बाहेर डॉक्टरांची गाडी थांबली.

३

जमादाराला सुनेनं हातमोजे घालून आणलं होतं आणि मोरीशेजारच्या खोलीत टोपलीखाली ठेवलं होतं. डॉक्टर अंगणात बूट काढून, हात धुऊन आत आले. माणूस चांगला, पण त्या दिवशी जरा गडबडलेला वाटला.

सुनेनं टोपली उचलली. डॉक्टरांनी जमादाराकडे पाहिलं आणि ते जागच्या जागी थांबले.

हे थांबणं मी ओळखते. बसमध्ये शेजारी शेजारी बसलेली दोन माणसं एकमेकांना ओळखत नसल्याचं सोंग करतात, तेव्हा अगोदर अशीच क्षणभर थांबतात. डॉक्टरांनी हा कोंबडा कुठंतरी पाहिला होता. आणि आमच्या खुराड्यात तर सुनेनं त्यांनाही कधी आत घेतलं नव्हतं, निदान माझ्या माहितीत तरी नाही.

"हा कधीपासून शिंकतोय?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीचाच, पण नजर खिडकीबाहेर.

"आज सकाळपासून," सून म्हणाली. "काल आईंनी ऐकलं तेव्हा घसा बसला होता."

जमादार पुन्हा शिंकला. डॉक्टरांनी त्याच्या नाकपुड्या ओल्या कापसानं पुसल्या. कापसावर पांढरा चिखल आला. "ही कसली पूड? पिसवांची पावडर टाकली होती का?"

"नाही हो. माझ्या कोंबड्यांना पिसवा नाहीत."

त्यांनी पुन्हा पुसलं. बराच वेळ झाला तरी पुढची शिंक आली नाही. मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात सुनेनं मला डोळ्यांनीच थांबवलं. तिचं लक्ष जमादाराच्या पायांकडे होतं. खुराड्यातल्या कोंबड्याचे पाय मळकेच असायचे. जमादाराच्या पायांचं खवलं न् खवलं घासून काढल्यासारखं स्वच्छ होतं आणि तुऱ्यावर तेलाची चमक होती.

"घसा बघतो," असं म्हणून डॉक्टरांनी खिशातलं लांब पेन काढलं आणि जमादाराच्या छातीसमोर धरलं.

आणि जमादारानं काय करावं? त्यानं पाय जुळवले. छाती पुढं काढली, मान ताठ केली, शेपूट उभारली आणि फोटो काढायला बसवल्यासारखा अगदी स्तब्ध उभा राहिला. पीससुद्धा हलू देईना अंगावर.

डॉक्टरांनी पेन झटकन खिशात घातलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"काल तुम्ही कुठे होतात, डॉक्टर?" मी विचारलं.

"प्रदर्शनात," ते म्हणाले. "शेजारच्या गावी पक्ष्यांचं प्रदर्शन होतं. साथीनंतर पहिलंच. मी परीक्षक होतो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. सगळ्यांनी पाहिलंय मला." ते सुनेकडे वळले. "ताई, एक विचारू का? रागावू नका. तुमचं खुराडं खरंच बंद आहे ना?"

माझ्या सुनेला हे विचारणारा माणूस आमच्या घरात उभा होता आणि त्याचा प्रश्न रास्त होता.

४

सुनेनं उत्तर दिलं. "परवापर्यंत होतं. आजचं मला सांगता येत नाही. तुम्ही सगळ्यांच्या घशातले नमुने घ्या. एकूण एक कोंबडीचे." आणि आत जाऊन तिनं भिंतीला पाठ टेकली. तिचे डोळे भरलेले मी पहिल्यांदा पाहिले.

डॉक्टर आणि सून नमुने घेत होते. मी पुढच्या पायरीवर येऊन बसले. सकाळी याच पायरीवरून मी लाकडाचा भुसा झाडून काढला होता, सुताराच्या रंध्यातून निघतो तसा कुरळा. वाटलं होतं, ह्यांच्या बुटाला कुठंतरी लागला असेल. आमच्या खुराड्यात तर वाळकं गवत असतं.

तेवढ्यात परसातून आरवणं आलं. मध्येच फुटलेलं, घसा बसल्यासारखं.

मी ताडकन उठले. जमादार तर मोरीशेजारी टोपलीखाली होता. परसात आरवला तो उमेदवार. उमेदवार म्हणजे आमचा धाकटा कोंबडा, जमादाराच्या मागं खुराड्याची गादी चालवायला ठेवलेला. त्याला अजून धड आरवता येत नाही. काल मी ऐकलं ते आरवणंही असंच फुटलेलं होतं.

म्हणजे जमादाराचा घसा बसलाच नव्हता. काल जमादार घरातच नव्हता.

मग एकेक दाणा आपोआप वेचला गेला. कोंबड्याचे पाय साबणानं धुतले, ते पाणी बदकांच्या डबक्यात गेलं. तुऱ्याला तेल लावलं. मोठ्या टोपलीतून त्याला नेलं, अशा ठिकाणी जिथं खाली लाकडाचा भुसा पसरलेला असतो. तिथं कुणीतरी हातात काडी घेऊन त्याला बघत गेलं, आणि काडी दिसली की छाती काढायची हे त्याला कुणीतरी आधीच शिकवून ठेवलं होतं. एका दिवसात कोंबडा हे शिकत नाही. रोज सकाळी, जाळीबाहेरून, काडी दाखवून, दाणा देऊन शिकवलं असणार. डॉक्टर थांबले ते का, तेही कळलं. त्यांनी काल ह्याच कोंबड्याला पाहिलं होतं, पण बंद खुराड्यातला कोंबडा तिथं कसा येईल, म्हणून बिचारे स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवेनात.

राहिली ती पांढरी पूड. मी सहज माझ्या बाहीकडे पाहिलं. बाहीला पांढरा डाग होता. आमच्या घरात उशीला असतो, खुर्चीला असतो, पोळपाटालासुद्धा सापडतो. शिंप्याच्या घरात राहून मला खडू दिसेना, याला काय म्हणावं? काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

किल्ली माझ्याकडे होती खरी. पण सकाळी अंघोळीला जाताना मी ती खिळ्याला अडकवते, आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसते तेव्हाही. हे फक्त एका माणसाला माहीत होतं.

५

मी सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं. बदकवालीही आली, पण सुनेनं तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. "काकू, तुमची बदकं आहेत, तुम्ही खिडकीतून बघा," असं म्हणून तिनं खिडकी उघडून दिली. एवढ्या दुःखातही पोरीचा नियम सुटला नाही. बदकवाली गजांना नाक लावून उभी राहिली.

टोपली मधोमध ठेवून मी जमादाराला मोकळं केलं. आमचे हे मशीनवर बसून होते, हातात कात्री, नजर खिडकीबाहेर. खिडकीत बदकवालीचं नाक सोडून बघण्यासारखं काहीही नव्हतं.

मी त्यांच्या कापायच्या टेबलावरून लाकडी पट्टी उचलली. मापं घेऊन घेऊन गुळगुळीत झालेली, तीच. जमादारासमोर धरली.

त्यानं पाय जुळवले. छाती काढली. पण मी पट्टी जरा शेपटीकडून धरली होती, म्हणून तो गोंधळला आणि मान तिरकी राहिली.

"अगं, शेपटीकडून नाही," आमचे हे बोलून गेले. "छातीकडून लाव. छातीकडून लावली की मान आपोआप वर येते."

त्यांनी कात्री हळूच खाली ठेवली.

"बाबा," सून म्हणाली, "तुम्ही?"

"हो." ते उठून उभे राहिले. "मीच नेला. लोक काय म्हणतात माहीत आहे तुला? आजारी कोंबड्या आहेत म्हणून झाकून ठेवते म्हणे. बाजारात माझ्या तोंडावर बोलतात. बोलणार नाहीत तर काय? त्यांनी बघितलंय कधी? आत कुणाला सोडत नाहीस तू. आतलं अस्तर किती चांगलं लावलंय ते वरून कुणाला दिसतं? मला वाटलं, एकदा उलटून दाखवावं जगाला."

"आणि नियम?"

"सगळे पाळले. चपला बदलल्या, पाय बुडवले, जातानाही आणि येतानाही. टोपलीत आपलंच गवत घातलं, पण तिथं खाली त्यांचा भुसा पसरला होता, त्याला माझा इलाज नव्हता. शेपटीला मातीचा पिवळा डाग होता, तेवढा खडूनं झाकला."

"पाय बुडवलेत, बाबा. कोंबडा कसा बुडवणार होतात?"

त्यांनी मशीनचा खण उघडला आणि एक लाल रिबीन काढली, मोठ्या फुलासारखी चुणलेली.

डॉक्टर पुढं झाले. "पहिला नंबर मीच दिला. मालक कोण ते आम्हाला सांगत नाहीत, आणि नावं संध्याकाळी वाचली तोवर मी निघालो होतो. पण असा कोंबडा मी आजवर पाहिला नव्हता, खरं सांगतो. आज इथं बघितला तेव्हा वाटलं, आपणच चुकतोय."

"मालकाचं नाव तुझं सांगितलंय," हे सुनेला म्हणाले. "भोंग्यावरून मोठ्यानं वाचलं त्यांनी. सगळ्या मैदानानं ऐकलं."

तिनं ती रिबीन हातात न घेता नुसती पाहिली. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. डोळे पुसून म्हणाली, "बाबा, आधी अंघोळ करून या. माझ्या साबणानं. बूट उन्हात ठेवा. निकाल येईपर्यंत परसात पाऊल टाकायचं नाही. आणि जमादार आता बाहेरचा झाला. तो तुमचा."

"कायमचा?"

"त्या कोंबडीच्या वेळी मी काय केलं होतं?"

त्यांनी मान हलवली. रडले ते हे. मीही थोडी रडले, पण त्यांच्या आधी आवरलं. आणि मग ती जे बोलली त्यानं खिडकीतली बदकवालीसुद्धा हादरली.

"अंडी आता कुणालाच जाणार नाहीत."

६

"अहो ताई," डॉक्टर म्हणाले, "शिंक तर खडूची होती, चोचीनं शेपूट साफ करताना नाकात गेलेल्या. ती थांबलीय. तिथले पक्षी तपासून घेतलेले होते."

"तुम्ही तपासलेत. मी नाही तपासले. शिंक थांबली म्हणजे जमादार निरोगी झाला असं नाही. मैदानात शंभर घरचे पक्षी होते. आमच्या एका चुकीपायी गल्लीतली खुराडी पुन्हा ओस पडली तर मी कुणाला तोंड दाखवू?"

मग ती ओढणी खांद्यावर टाकून बाहेर पडली. आमच्या गल्लीत दारोदार गेली, प्रत्येक फाटकाबाहेर उभी राहिली आणि सांगितलं की आमच्या घरून चूक झाली आहे, आमचा कोंबडा बाहेर जाऊन आला आहे, नमुने गेले आहेत, निकाल चांगला आला तर अंडी मिळतील आणि वाईट आला तर माझं खुराडं रिकामं होईल. सासऱ्यांचं नाव तिनं एकाही दारात घेतलं नाही. 'आमच्या घरून' एवढंच म्हणाली. मी तिच्या मागून चालत होते. जन्मभर मी लोकांची तिकिटं तपासली, पण कुणी आपणहून पुढं येऊन, 'माझ्याकडे तिकीट नाही' असं सांगितलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी माझी मान इतकी ताठ झाली की जमादारानं बघून लाजावं.

बदकवाली सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "दुसरी असती तर गप्प बसून अंडी वाटून मोकळी झाली असती. मी थांबते बाई. खुराडं अजून एकदा धुते."

ते वाट बघण्याचे दिवस कसे गेले ते विचारू नका. सून सकाळ-संध्याकाळ एकेका कोंबडीचा श्वास ऐकायची. हे पुढच्या खोलीतच जेवायचे, तिथंच झोपायचे, जमादार पायाशी. खिडकीतून परसाकडे बघायचे, पण उंबरा ओलांडला नाही.

मग एका सकाळी डॉक्टरांची गाडी आली. सून दारात उभी होती, हात पुसायचंही भान नव्हतं. डॉक्टर फाटकाशी थांबले, खाली वाकले, आपले बूट काढले, अंगणातल्या नळावर पाय धुतले आणि खुराड्याकडे चालू लागले. जिथं रोग असतो तिथं असे पाय धुऊन कुणी जात नाही, तो आधी तोंड बांधतो. सूनही ते ओळखून होती. ती खालीच बसली, पायरीवर.

"एकूण एक स्वच्छ," डॉक्टर म्हणाले. "जमादारसुद्धा. हवा तर परत घ्या त्याला."

"नाही," सून हसत म्हणाली. "तो बाबांचा."

उमेदवाराला बढती मिळाली. त्याचा आवाजही सुधारतोय. जमादार ह्यांच्याबरोबर पुढच्या खोलीत बसतो, गिऱ्हाइकाचं माप घ्यायला पट्टी निघाली की छाती काढून उभा राहतो, आणि त्याच्याकडे बघून गिऱ्हाईकही ताठ उभं राहतं. ह्यांचं म्हणणं, त्यामुळे कोट चांगले बसतात.

रिबीन ह्यांना खुराड्यावर लावायची होती. हौसेनं खिळा-हातोडी घेऊन निघाले, तर सुनेनं वाटेतच अडवलं. "बाबा, ती बाहेरून आलीय." शेवटी ती फाटकाच्या बाहेरच्या बाजूला लावली, 'आत येऊ नये' या पाटीच्या खाली. येणारेजाणारे थांबून बघतात. आता बाजारात कुणी काही बोलत नाही.

अंडी गेली. घरोघरी उबवली गेली. परवा मी बदकवालीकडे पिल्लं बघायला गेले. बदकं तिनं बहिणीकडे पाठवून दिली आहेत म्हणे, कोंबड्यांसाठी. फाटक उघडून मी आत पाऊल टाकणार, एवढ्यात ती समोर आली आणि तिनं हात आडवा केला. तिच्या मागं दाराशी औषधाच्या पाण्याचं घमेलं होतं, शेजारी चपलांचा वेगळा जोड, तळवे वर करून भिंतीला टेकवलेला.

"वहिनी," ती म्हणाली, "चपला काढा आधी."

मी मुकाट्यानं काढल्या. आणि घरी येऊन सुनेला ते तीनदा सांगितलं.